रुमालाखालचा भाव

उस्मानपुरा, छत्रपती संभाजीनगर
२० फेब्रुवारी २०२५

श्री. सांडूअण्णा फरकाडे,

सिल्लोडच्या सर्व मंडळींना नानासाहेब शेजूळचा नमस्कार.

रविवारी आमच्या इंद्रजीतची आणि आपल्या संस्कृतीची सुपारी फुटली आणि आपण व्याही झालो. मंगळवारी आपलं फोनवर भांडण झालं. आमच्या भावकीत भांडणांना तोटा नाही, पण इतक्या लवकर कुणाचं झाल्याचं ऐकिवात नाही. हे स्थळ जुळवणारे निजामुद्दीनभाई काल कारखान्यात येऊन मला म्हणाले, "फोन पे आवाज चढती, कागज पे नै चढती. जो बोलना सो लिखके बोलो. मेरी गाडी रोज जाती." तुमच्या जिनिंगच्या कापसाच्या गाठी आणि माझ्या शेंद्र्याच्या कारखान्याचा प्लास्टिकचा दाणा, दोन्ही त्यांच्याच ट्रकमधून जातात. तेव्हा त्यांचा शब्द मोडणं दोघांनाही परवडणार नाही. म्हणून हे पत्र.

भांडणाचं मूळ माझ्याच सूचनेत आहे, हे मी मान्य करतो. पण सूचना चांगलीच होती. सुपारीच्या बैठकीत याद लिहिताना तुम्ही म्हणालात कार्यालय आणि जेवणाचा खर्च आमचा, मी म्हणालो आमचा. दोघंही इतके हट्टाला पेटलो की खर्च नको म्हणून भांडणारे व्याही बरे, असं लोकांना वाटायला लागलं. तेव्हा मी तोडगा काढला. डॉलर महागला की तुमच्या गाठींना परदेशात जादा रुपये मिळतात. डॉलर स्वस्त झाला की माझा बाहेरून येणारा दाणा स्वस्त होतो. म्हणजे लक्ष्मी एका वेळी एकाच्याच घरी असते. सुपारीच्या दिवशीचा भाव सत्त्याऐंशी धरायचा. लग्नाच्या आदल्या सोमवारी डॉलर त्याच्या वर असेल तर खर्च तुमचा, खाली असेल तर आमचा. सगळ्यांनी माना डोलावल्या आणि ते कलम यादीत चढलं.

एवढं झाल्यावर मंगळवारी फोन करून "रुपया दिवाळीपर्यंत नव्वदला जातो बघा" असं आनंदानं सांगायची काय गरज होती? आपल्याच देशाचं चलन पडताना आनंद होणं हे मला पटलं नाही, म्हणून मी जरा कडक बोललो. माझा रुपयावर विश्वास आहे. उद्योजकांच्या संघटनेत परवा एका तज्ज्ञांचं व्याख्यान झालं, त्यांचाही आहे.

अठ्ठावीस मेची तारीख पक्की समजतो.

आपला,
नानासाहेब

*

सिल्लोड
२४ फेब्रुवारी २०२५

नानासाहेबांना सांडू फरकाडेचा रामराम.

पत्र मिळालं. निजामुद्दीनभाईंच्या ड्रायव्हरनं ते सरकीच्या पोत्यावर बसून स्वतः दिलं, म्हणजे आपला पत्रव्यवहार आता गाठींच्या बरोबरीचा माल झाला.

रुपया पडावा असं मी म्हणालो नव्हतो, पडेल म्हणालो. तुम्ही लगेच मला देशद्रोही ठरवलंत. त्यावर मी काय बोललो ते आता आठवत नाही, पण संस्कृतीची आई आशाबाई म्हणते की शेजारच्या गल्लीतल्या लोकांना आठवतंय. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी, तसं आपलं झालं. डॉलर अजून आहे तिथंच आहे आणि आपले आवाज बसले.

तुमचं कलम मला मान्य आहे, पण त्याची रीत मान्य नाही. आमच्या धंद्यात आजोबांच्या काळी भाव तोंडानं बोलत नसत. घेणारा आणि विकणारा रुमालाखाली हात घालायचे. एक बोट धरलं तर एक, दोन धरली तर दोन, अख्खा पंजा धरला म्हणजे पाच. शेकडा की हजार ते ज्याचं त्याला माहीत. रुमाल उचलला की सौदा पक्का. मग संध्याकाळी बाजार चढो की कोसळो, कुणी तोंड उघडायचं नाही. आपण मात्र असा सौदा केला की ज्याचा भाव लग्नापर्यंत रोज बघत बसायचा.

असो. संस्कृती आमच्या जिनिंगचा हिशेब बघते हे तुम्हाला माहीत आहे. ती म्हणते गाठी आत्ता विकून टाका, भाव बरा आहे. मी म्हणालो, नव्वद येतोय, थांब. पोरीला व्यापार कळतो, पण धीर कळत नाही.

आपला,
सांडू

*

उस्मानपुरा
२ मे २०२५

प्रिय अण्णा,

ऊन फार आहे. या उन्हात अठ्ठावीस मेला हजार माणसं जेवायला बसवणं हे माणुसकीला धरून होणार नाही, असं आमच्याकडे सर्वांचं मत पडलं. शिवाय तैवानहून नवीन मशीन येऊन पडलं आहे. ते बसवायच्या गडबडीत इंद्रजीतला हळद लावायलासुद्धा सवड मिळणार नाही. शेंद्र्याच्या वीस पोरांना या मशीनवर कामाला घेतो म्हणून मी शब्द दिला आहे, तेही रोज गेटवर येऊन विचारतात.

तेव्हा लग्न तुळशीच्या लग्नानंतर करावं, असं सुचवतो. थंडीत पाहुणे खूश असतात.

डॉलर चौऱ्याऐंशीच्या घरात आला आहे, हे तुमच्या वाचनात आलं असेलच. त्याचा आणि या विनंतीचा काहीही संबंध नाही.

आपला,
नानासाहेब

*

सिल्लोड
६ मे २०२५

नानासाहेब,

सिल्लोडातही ऊन आहे. ते दर मे महिन्यात असतं आणि सुपारीच्या दिवशीही ते तुम्हाला माहीत होतं. पण डॉलर खाली येताच तुम्हाला जास्त लागायला लागलं.

कलमाप्रमाणे डॉलर स्वस्त झाला, म्हणजे तुमचा दाणा स्वस्त झाला, म्हणजे लक्ष्मी तुमच्या दारात उभी आहे. आत घ्या तिला. मांडव टाका. मी इकडं खिन्न चेहरा करून बसलो होतो, कारण माझ्या गाठींचे पैसे दिवसेंदिवस कमी होत चाललेत, आणि निदान जेवण तरी फुकट मिळेल एवढंच समाधान होतं.

काल निजामुद्दीनभाई गाडी भरायला आले होते. बोलता बोलता त्यांच्याकडून कळलं की फेब्रुवारीत, म्हणजे तुम्ही मला देशप्रेम शिकवत होतात त्याच आठवड्यात, त्यांच्या गाड्यांनी तुमच्या गोदामात वर्षभराचा दाणा टाकला. तोही डॉलर सत्त्याऐंशी असताना. रुपयावर एवढा विश्वास होता तर ही साठवण कशाला? भाईंनी मला आणखी एक सांगितलं: "नानासाब बोले रुपया चढेगा, और माल लिया गिरने के हिसाब से." मी त्यांना म्हणालो की शिकलेल्या माणसाचे दोन हात दोन बाजूंना काम करतात.

तुळशीच्या लग्नानंतर चालेल. पण पोरीला काय सांगू? तिनं साड्यांना ब्लाऊज शिवायला टाकलेत.

सांडू

*

उस्मानपुरा
१४ मे २०२५

प्रिय अण्णा,

निजामुद्दीनभाई पत्रं पोचवतात तेवढंच पुरे होतं.

दाणा घेतला, हे खरं आहे. व्याख्यानात तज्ज्ञ म्हणाले की रुपया भक्कम आहे. नंतर चहाच्या वेळी मी त्यांना एकट्याला गाठलं, तर म्हणाले पंच्याण्णवलाही जाऊ शकतो. व्याख्यानाचे पैसे संघटनेनं दिले होते, चहाच्या वेळचं फुकट होतं. मी फुकटच्यावर विश्वास ठेवला. आता चौऱ्याऐंशीच्या भावानं दाणा घेणारा माझा शेजारी माझ्याहून स्वस्तात माल विकतोय, आणि मी महागाचा दाणा संपायची वाट बघत बसलोय. डॉलर स्वस्त होऊन मला एक पैचा फायदा झालेला नाही. तेव्हा लक्ष्मी माझ्या दारात आली असेल तर ती पत्ता विचारायला आली असेल.

मशीनचे उरलेले डॉलर मात्र अजून द्यायचे आहेत, आणि त्यांची बँकेतली सोय झाल्याशिवाय तैवानचा माणूस मशीन खोक्यातून काढत नाही. इंद्रजीत म्हणतो, आजच बँकेत जाऊन भाव बांधून घ्या. म्हणजे पैसे पुढं द्यायचे, पण भाव आजचा. त्यासाठी बँक थोडी रक्कम घेते. मी त्याला सांगितलं, ऐंशीला येऊ दे, मग बघू. पोरगा माझ्याकडे बघून उठून गेला. हल्ली तो जेवताना बोलत नाही.

संस्कृतीला माझा आशीर्वाद. ब्लाऊज थंडीतही चालतील.

आपला,
नानासाहेब

*

सिल्लोड
९ सप्टेंबर २०२५

प्रिय नानासाहेब,

गौरी-गणपती छान झाले. बऱ्याच दिवसांत पत्र नाही, कारण विशेष काही नव्हतं.

तुळशीच्या लग्नानंतरचा जो बेत आहे, त्याबद्दल आमच्याकडे थोडा विचार झाला. थंडी फार असते. म्हाताऱ्या माणसांना पहाटेच्या गाडीनं यावं लागतं, कुणाला दमा असतो. शिवाय तेव्हा नवा कापूस यायला सुरुवात होते आणि माझा पाय जिनिंगमधून निघत नाही. संक्रांतीनंतर केलं तर? उत्तरायण असतं, ऊनही कोवळं असतं.

डॉलर अठ्ठ्याऐंशीवर गेला, असं कुणीतरी म्हणत होतं. मी लक्ष दिलं नाही.

आपला,
सांडू

*

उस्मानपुरा
१३ सप्टेंबर २०२५

परमप्रिय अण्णा,

आपलं पत्र मी चार वेळा वाचलं आणि घरातल्या सर्वांना मोठ्यानं वाचून दाखवलं. मे महिन्यात ज्यांनी मला उन्हावरून एवढं झाडलं, त्यांना सप्टेंबरात थंडी वाजायला लागली, ही वैद्यकीयदृष्ट्या विचार करण्यासारखी गोष्ट आहे.

अण्णा, डॉलर अठ्ठ्याऐंशी. कलमाप्रमाणे लक्ष्मी सिल्लोडला. तुमच्या तोंडात साखर पडो, तुम्ही म्हणाला होतात तसाच रुपया पडतोय. मी तर कार्यालयवाल्याशी जेवणाचंही बोलून ठेवलं. दोन गोड पदार्थ सांगितलेत, कारण खर्च आपला नाही.

परवा संघटनेत त्याच तज्ज्ञांचं पुन्हा व्याख्यान झालं. या वेळी विषय होता, विकसनशील देशाचं चलन घसरलं की निर्यात वाढते आणि देशाची भरभराट कशी होते. फेब्रुवारीत विषय होता, चलन भक्कम असलं की परकी गुंतवणूक येते आणि देशाची भरभराट कशी होते. पडद्यावरची चित्रं तीच होती, फक्त बाण उलटे केले होते. टाळ्याही तेवढ्याच पडल्या. मी मात्र मनात तुमचं अभिनंदन केलं, कारण या व्याख्यानाप्रमाणे तुम्ही सध्या भरभराटीत आहात.

मग निजामुद्दीनभाई भेटले. तुमच्या गोदामात गाठी पत्र्याला टेकल्यात असं म्हणाले. भरभराट बाहेर का पडत नाही, ते कळवावं.

आपला हितचिंतक,
नानासाहेब

*

सिल्लोड
२० सप्टेंबर २०२५

नानासाहेब,

हसून घ्या. मे महिन्यात मीही हसलो होतो.

गाठी पत्र्याला टेकल्यात, हे खरं. माझा माल बांगलादेशात जातो. तिकडचं माझं गिऱ्हाईक भला माणूस आहे, पण तीन-चार वर्षांत त्यांचा टका आपल्या रुपयापेक्षा जास्त घसरला. त्याला माझी गाठ घ्यायची तर डॉलर विकत घ्यावा लागतो. त्याच्या बँकेकडे डॉलर असला तर देते, नसला तर उद्या या म्हणते. मी इकडं टाळ्या वाजवत होतो की आपला रुपया पडला, आता माझा माल त्याला स्वस्त पडेल. आणि त्याचं तर सगळंच पडलेलं. दोन पडलेली माणसं एकमेकांना काय उठवणार?

मग म्हटलं इथल्या गिरण्यांना विकू. तेवढ्यात ऑगस्टमध्ये परदेशी कापसावरचा कर माफ झाला. अमेरिकेनं आपल्या कपड्यावर जकात लावली म्हणून गिरण्या आधीच हात आखडून बसल्या होत्या, त्यांना आता बाहेरचाही कापूस मिळायला लागला. तेलही गेलं, तूपही गेलं.

आता दुसऱ्या कुणी सांगण्याआधी मीच सांगतो. मार्चमध्ये गिऱ्हाईक पैसे घेऊन दारात उभं होतं. संस्कृतीनं कागदही तयार ठेवले होते. मीच नव्वदची वाट बघत होतो. आजही बघतोय. अठ्ठ्याऐंशी आलाय, आणखी दोन रुपये काय ते राहिलेत. पोरीला हे बोललो तर ती म्हणाली, "आण्णा, नव्वद आला की तुमी ब्याण्णव म्हणसाल." त्या दिवसापासनं ती माझ्याशी फक्त हिशेबापुरतं बोलते.

खरं सांगतो, मला पैशाची एवढी फिकीर नाही. पण घरात लग्नाची साडी येऊन पडली आहे आणि पोरगी मुकाट्यानं पावत्या फाडत बसते, हे बघवत नाही. आणि तारीख धरायला गेलो की हात आपोआप मोबाईलवर जातो आणि डॉलर बघतो.

सांडू

*

सिल्लोड
१२ ऑक्टोबर २०२५

ती. अण्णांना आणि ती. नानासाहेबांना शिरसाष्टांग नमस्कार.

हे पत्र मी आणि इंद्रजीतनं मिळून लिहिलंय. अक्षर माझं आहे. एक प्रत अण्णांच्या गादीवर ठेवते, दुसरी निजामुद्दीनचाचांच्या गाडीनं जाईल. तुमची सगळी पत्रं आम्ही दोघांनी वाचली आहेत. अण्णा ती हिशेबाच्या फायलीत लावतात आणि नानासाहेब मोठ्यानं वाचतात, त्यामुळे चोरी करावी लागली नाही.

आधी काय केलं ते सांगते, मग रागवा.

अण्णा, शुक्रवारी तुम्ही बाहेरगावी गेलात आणि मी सगळ्या गाठी विकल्या. तुम्ही दोन वर्षांपूर्वी मला सहीचा अधिकार दिलात, तो पहिल्यांदा वापरला. भाव मार्चपेक्षा कमी मिळाला. नव्वद आला असता तर कदाचित बरा मिळाला असता, नसताही. गोदाम आता रिकामं आहे. इतकं मोठं आहे ते मला माहीतच नव्हतं.

नानासाहेब, त्याच दिवशी इंद्रजीतनं बँकेत जाऊन मशीनच्या डॉलरचा भाव बांधला. मे महिन्यापेक्षा महाग पडला. त्यानं तुम्हाला तेव्हाच सांगितलं होतं, पण ते तो तुम्हाला ऐकवणार नाही म्हणाला, म्हणून मी ऐकवते. मशीन दिवाळीनंतर सुरू होईल. शेंद्र्याच्या त्या वीस पोरांपैकी सात वाट बघून पुण्याला गेली. बाकीच्यांना त्यानं बोलावलंय.

तुम्ही दोघं वर्षभर भांडताय की रुपया पडलेला बरा की चढलेला. आम्ही दोघं हिशेब बघतो. आम्हाला असं दिसलं की पडला तेव्हाही तुम्ही थांबलात आणि चढला तेव्हाही थांबलात. मशीन खोक्यात राहिलं, गाठी गोदामात राहिल्या आणि आम्ही दोघं दोन गावांत राहिलो. तज्ज्ञ लोक याला काय म्हणतात माहीत नाही. माझी आई म्हणते, "दोघंबी कडू लागंल म्हणून जेवायलाच बसंनात."

लग्न तीस नोव्हेंबरला, रविवारी, आपल्या जिनिंगच्या रिकाम्या गोदामात. दोन्ही गावांना मधलं पडत नाही, पण जागेचं भाडं लागत नाही. जेवणाचे पैसे आम्ही दोघं आमच्या पगारातून देतोय. गोड पदार्थ एकच. यादीतलं ते कलम मी खोडलंय, बाकी याद आहे तशी आहे.

अण्णा, तुम्ही लहानपणी मला रुमालाखालच्या सौद्याची गोष्ट सांगायचात. रुमाल उचलला की कुणी पुन्हा भाव विचारत नाही, म्हणायचात. सुपारी फुटली तेव्हा आमचा रुमाल उचलला गेला होता. इंद्रजीतला पुढं काय भाव येईल, मला काय येईल, ते आम्ही विचारलेलं नाही. आम्हाला भीती वाटते, नाही असं नाही.

तुमची,
संस्कृती

*

सिल्लोड
१५ ऑक्टोबर २०२५

नानासाहेब,

तुम्हालाही पत्र मिळालं असेलच. पहिल्यांदा मी इतका भडकलो की चप्पल न घालताच गोदामाकडे निघालो. कुलूप नव्हतं. आत गेलो तर सगळं मोकळं. कोपऱ्यात दोन चिमण्या. मी मोठ्यानं संस्कृतीला हाक मारली आणि माझाच आवाज माझ्याकडे परत आला. मग खाली बसलो.

पोरीनं मार्चमध्ये सांगितलं होतं. तुमच्या पोरानं मेमध्ये सांगितलं होतं. आपण दोघं म्हातारे एका बाबतीत तरी एकसारखे निघालो, तेव्हा व्याही शोभतो.

गोदामाला चुना मारायला घेतलाय. खर्च माझा. यावर कलम काढू नका.

सांडू

*

उस्मानपुरा
३ डिसेंबर २०२५

प्रिय अण्णा,

लग्न उत्तम झालं. एकच गोड पदार्थ होता, पण तो दोनदा वाढला. निजामुद्दीनभाई पंगतीत मला म्हणाले, "रुपया गिरो या चढो, नानासाब, डीझल तो उतरता नै. मेरेकू कोई व्याख्यान में नै बुलाता." मी त्यांना संघटनेत बोलवायचं कबूल केलं आहे.

आज डॉलर नव्वदला पोचला. तुम्ही फेब्रुवारीत म्हणाला होतात तो नव्वद हाच. लग्न होऊन तीन दिवस झाल्यावर आला. तुम्हाला टोचून बोलावं म्हणून हे लिहीत नाही. मशीनचे डॉलर बांधलेले नसते तर आज मी कुणाशी बोलण्याच्या अवस्थेत नसतो. इंद्रजीतनं पेपर माझ्यापुढं ठेवला आणि काही न बोलता कारखान्यात गेला. एवढं ऐकवणं मला पुरलं.

आता मुद्द्याचं. व्याहीभेटीच्या वेळी आपण गळाभेट घेतली, गुलाल लागला, तोवर सगळं रीतीप्रमाणं होतं. मग निरोपाच्या वेळी, संस्कृती गाडीकडे निघाली तेव्हा, तुम्ही माझ्या शेजारी येऊन उभे राहिलात आणि उपरण्याखालून माझा हात धरलात. अख्खा पंजा. आणि चांगला घट्ट, गाडी वळेपर्यंत.

तीन रात्री मी या गोष्टीचा विचार करतो आहे. तुमचं फेब्रुवारीचं पत्र काढून पुन्हा वाचलं. पंजा म्हणजे पाच, असं तुम्हीच लिहिलं आहे. पाच काय, ते ज्याचं त्याला माहीत, असंही लिहिलं आहे. मला माहीत नाही. खोडलेल्या कलमाप्रमाणे डॉलर वर होता, म्हणजे खर्च तुमचा होता. पोरांनी तो केला, हे तुमच्या मनाला लागलं असावं आणि तुम्ही पाच लाख देऊ करत असाल, असं मला वाटलं. मग वाटलं, पाच म्हणजे दहातले पाच, निम्मे-निम्मे. मी निजामुद्दीनभाईंना विचारलं तर ते म्हणाले, "तुमीच पूछो."

मी तेव्हा हात सोडवून घेतला नाही, आणि तुमच्या रीतीप्रमाणे उपरणं बाजूला झालं की सौदा पक्का. तेव्हा मी कशाला होकार दिला आहे, ते कृपया कळवावं. जे असेल ते मी पाळीन.

आपला,
नानासाहेब

*

सिल्लोड
५ डिसेंबर २०२५

नानासाहेब,

तो भाव नव्हता.

पोरगी गाडीत बसायला निघाली आणि मागं वळून बघेना. मला रडू यायला लागलं. भोवती सगळा गाव, मजूर, व्यापारी, आणि मी वर्षभर त्यांच्यापुढं नव्वद नव्वद करत मिरवलेला माणूस. तोंड लपवायला जागा नव्हती, म्हणून जवळ जो हात होता तो धरला. तो तुमचा होता. तुम्ही सोडवून घेतला असतात तर मी तिथंच खाली बसलो असतो.

डॉलर कितीला गेला ते मी बघितलं नाही, तुमच्या पत्रातूनच कळलं.

तुम्ही होकार कशाला दिला म्हणून विचारलंत, तर एवढ्यालाच. संस्कृतीला सकाळी चहाबरोबर काहीतरी खायला लागतं, नाहीतर तिचं डोकं दुखतं. नवीन घरात ती आपणहून मागणार नाही. एवढं बघा.

तुमचा,
सांडू